गांडुळं पकडणं सोपं, सकाळपर्यंत जिवंत ठेवणं कठीण

तुम्ही लिहिलंय की दोन रात्री नवाकोरा झगझगीत टॉर्च घेऊन आगरात फिरलात, बिळं पुष्कळ दिसली, पण हाती चारच गांडुळं लागली आणि त्यातली तीन तुटली. वाचून हसू आलं, राग मानू नका. पंधरा वर्षांपूर्वी देवगडजवळच्या आमच्या वाडीत मी अगदी हेच करत होतो. मासे धरायची गरी कशी बांधायची, दोरा कुठला, हे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

तुम्ही ज्या परदेशी व्हिडिओंचा उल्लेख केलाय त्यातलं गांडूळ मुळात वेगळं. लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस, मूळचं युरोपातलं, तिथून अमेरिकेत गेलेलं. थंड, ओल्या रात्री हिरवळीवर अर्धं अंग बाहेर काढून पडून राहतं, म्हणून त्यांच्या बादल्या भरतात. आपले काडू, म्हणजे इथली गांडुळं, निराळे. एका जातीच्या तर नावातच कोकण आहे, मेगास्कोलेक्स कोंकणेन्सिस. पण उजेडाला आणि हादऱ्याला सगळे सारखेच बिचकतात. डोळे नसले तरी कातडीला उजेड कळतो. त्यातल्या त्यात लाल उजेड कमी जाणवतो, म्हणून गणपतीच्या आराशीतला लाल जिलेटिनचा कागद दुहेरी करून टॉर्चच्या काचेवर रबरबँडने बसवा. महागडा टॉर्च घेतलात ते पैसे वाया गेले, असं माझं स्पष्ट मत.

दुसरं म्हणजे पाय. मला हे शेजारच्या तात्यांनी सांगितलं, तेही वैतागून: "रे, तू पाय आपटीत चलतंस. काडवाक कान नसले तरी जमीन हालली की तेका कळता." अनवाणी हळू चालतात तसं चालायचं, पण अनवाणी नाही. गमबूट हवेतच. आमच्या कातळावर फुरसं काही कमी नाही, आणि पावसाळ्यात चिखलपाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) तापही होतो. पायाला जखम असेल तर त्या रात्री घरी बसा. मी डॉक्टर नाही, ताप आला तर त्यांच्याकडेच जा.

जागा म्हणाल तर गोठ्याची मागची बाजू, केळीचे बुंधे, माडाच्या आळ्यातला कुजका पाला. पाऊस दोनतीन दिवस लागून राहिला आणि मग रात्री झिमझिमीवर आला की निघायचं. कोरडा वारा सुटला तर फेरी फुकट. दिसलं की झडप घालू नका. मागचं टोक बिळात असतं आणि अंगावरचे बारीक केस मातीत रुतलेले असतात. तुम्ही हिसका दिलात, म्हणून तुटली. जमिनीला लागून चिमटीत धरा आणि नुसतं धरून थांबा. ते आधी जोर लावतं, मग सैल पडतं. सैल पडलं की सरळ वर, सावकाश. हाताला डासांचं मलम लावून जाऊ नका, तेही केलंय मी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. पकडायला शिकल्यावर मी जी माती खाल्ली ती पुढची होती.

आषाढातला शेवटचा रविवार. श्रावण लागला की आमच्याकडे मासे बंद, त्यामुळे मामेभाऊ दोन मित्र घेऊन मुंबईहून खास गरवायला आलेला. मी आदल्या रात्री तीन तास वाकून साठेक काडू जमवले, एकही न तुटता. ठेवायचे कशात? खाडीच्या बांधाजवळची माती काळी, मऊ, लोण्यासारखी. वाटलं, याहून सुखाची गादी कुठली! बादलीभर आणली, त्यात सोडले, वर ओला गोणपाट. सकाळी गोणपाट उचलला तर सगळे वरच पडलेले, फिकट, दोऱ्यासारखे लुळे, आणि वास असा की आईने बादली मला घराच्या मागे न्यायला लावली. ती खाजणाची माती, भरतीचं पाणी मुरलेली. गांडूळ कातडीने श्वास घेतं, खारट मातीने त्याच कातडीतून अंगातलं पाणी ओढून घेतलं. साठ जीव फुकट मारले याचंच जास्त वाईट वाटलं. पाहुण्यांनी शेवटी कोंबडी आणली आणि मामेभाऊ अजून ते काढतो.

तेव्हापासून एकच नेम, जिथला काडू तिथलीच माती, तिथलाच पाला. जुनं मडकं, तळाला भोकं, न्हाणीघराच्या सावलीत. माती मुठीत दाबली तर पाणी गळू नये. मेलेलं एखादं दिसलं की लगेच काढा, ते बाकीच्यांना घेऊन जातं. आणि याच कारणाने खाडीवर गांडूळ नेऊच नका, खाऱ्या पाण्यात ते लवकरच लुळं पडतं. तिथे कोळंबी लावा. गांडूळ गोड्या वहाळासाठी, म्हणजे ओढ्यासाठी, वाम आणि मळये हे मासे त्यावर येतात. निदान आमच्या वहाळात तरी.

कोणीतरी तुम्हाला गांडूळखत करणाऱ्यांकडून आणा असं सुचवलंय. मी त्या नादात एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. पावशेर गांडुळांसाठी सातबारा मागितला! आंब्याची कलमं किती तेही विचारलं. गरीला लावायचीत म्हटल्यावर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांचीच गाय मागितली. शेवटी मिळाली ती आयसेनिया फेटिडा, बारीक लाल. शेणखतात उत्तम काम करतात, पण मोठ्या गरीवर टिकत नाहीत आणि दाबली की पिवळा, उग्र वासाचा रस सोडतात. छोट्या गरीवर चालतात म्हणे कुणाकुणाला, मला नाही जमलं.

तुमचं ते चौथं, अख्खं मिळालेलं गांडूळ कशात ठेवलंय? प्लॅस्टिकच्या डब्यात झाकण लावून असेल तर आधी जाऊन ते उघडा.