वाचकांचे प्रश्न : नोकरीसाठी शहर सोडावं का?

प्रश्न : दुसऱ्या शहरातून ऑफर आली आहे. पॅकेज आताच्यापेक्षा ३० टक्क्यांनी जास्त. घरचे म्हणतात, डोळे झाकून हो म्हण. पण तिथली भाडी ऐकून पोटात गोळा येतो. हिशोब कसा मांडायचा?

उत्तर : पॅकेजचा आकडा तूर्त बाजूला ठेवा आणि महिनाअखेर किती उरतं ते बघा. सोयीसाठी आज हातात येणारा पगार १०० धरू. त्यातले भाड्याला २०, जाण्यायेण्याला ५, बाकी घरखर्चाला ४५ जातात आणि ३० उरतात.

आता नवी ऑफर. ३० टक्के वाढ म्हणजे १३०. पण ऑफर लेटर नीट वाचलं की कळतं, त्यातले १५ टक्के ‘व्हेरिएबल’ आहेत, म्हणजे वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. दरमहा येणार सुमारे ११०. भाडं ३२, प्रवास ३, घरखर्च ४८. उरतात २७! पगार वाढला आणि शिल्लक घटली. वरच्या टप्प्याचा कर लागला तर अजून घटेल.

म्हणजे इथे सगळा खेळ व्हेरिएबलवर आहे. एचआरला सरळ विचारा : गेल्या तीन वर्षांत या पदावर किती टक्के व्हेरिएबल प्रत्यक्ष दिलं? ते कामगिरीवर ठरतं असं उत्तर मिळेल. तेव्हा कोणाच्या कामगिरीवर, माझ्या की कंपनीच्या, तेही विचारा. निम्मं मिळेल असं धरलं तर महिन्याला सरासरी १० येतात, शिल्लक ३७ होते. आजच्यापेक्षा ७ जास्त.

आता एकरकमी खर्च : सामानाची वाहतूक, दलाली, एखाद्या महिन्याचं दोन्हीकडचं भाडं, पडदे-कपाटांसारखी किरकोळ वाटणारी खरेदी. समजा ६० झाले आणि कंपनी २० देते. उरलेल्या ४० ला ७ ने भागा. साधारण सहा महिने तुम्ही फक्त स्थलांतराची भरपाई करत असता. (डिपॉझिट खर्चात धरू नका, पण तेवढे पैसे अडकणार आहेत हे लक्षात असू द्या.) बहुतेक जण इथेच थांबतात. आणखी एक ओळ लिहा : जमलं नाही आणि परत यायची वेळ आली तर? तेव्हा कंपनी काही देणार नाही, पूर्ण ६० तुमच्या खिशातून. तेवढी रक्कम आधीच बाजूला काढून ठेवता येत नसेल, तर ऑफर कितीही चांगली असली तरी थोडं थांबलेलं बरं.

वेळेचाही हिशोब करा. आज ऑफिस २५ मिनिटांवर आहे आणि तिकडे परवडणारं घर सव्वा तासावर, तर महिन्याच्या २२ दिवसांत जाण्यायेण्यात १८ ऐवजी ५५ तास जातात. फरक ३७ तासांचा, जवळजवळ एका आठवड्याच्या कामाइतका. नकाशावरची वेळ रविवारी दुपारी बघू नका. कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेला तो रस्ता एकदा स्वतः जाऊन बघा.

प्रश्न : जॉइनिंग बोनस आणि सामान हलवायचा खर्च देतो म्हणतात. राजीनामा देऊन टाकू का?

उत्तर : फोनवरच्या शब्दावर नको. सही केलेलं ऑफर लेटर हातात येऊ द्या, आणि त्यात ‘वसुली’चं कलम शोधा. बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत, असं बहुधा असतं. पण नवव्या महिन्यानंतर सोडली तर सगळे परत की उरलेल्या तीन महिन्यांपुरते, म्हणजे पाव हिस्सा? लिहिलेलं नसेल तर सगळे मागतात. दुसरी मेख कराची. बोनस कर कापून मिळतो, वसुली मात्र मूळ रकमेची होऊ शकते. न मिळालेले पैसेही परत करावे लागतात. आणि कंपनीनेच काढलं तर? ‘स्वेच्छेने राजीनामा दिल्यासच’ हे शब्द घालून घ्या. यात मागायला संकोच वाटण्यासारखं काही नाही. हे शब्द एचआरला रोजचे असतात.

सामानाचा खर्च आगाऊ मिळतो की बिलं दाखवून, बिल कोणाच्या नावाने हवं आणि किती दिवसांत द्यायचं, हे ट्रक बोलावण्याआधी विचारा. शिवाय नेमणुकीच्या पत्रात कामाचं ठिकाण आणि ‘कंपनीच्या गरजेनुसार बदली’ ही ओळ आहे का ते बघा. घर हलवून गेल्यावर सहा महिन्यांत तिसऱ्याच शहरात पाठवलं, तर दाद मागायला जागा उरत नाही.

प्रश्न : पत्नीची नोकरी इथे, मुलगी आठवीत. मी एकट्यानेच आधी जावं का?

उत्तर : प्रोबेशन सहा महिन्यांचं असेल तर तेवढे दिवस एकट्याने जाणं शहाणपणाचं. शाळाही मध्येच तुटत नाही. मात्र दोन घरांचा खर्च आणि महिन्यातून दोनदा येण्याजाण्याचं भाडं वरच्या हिशोबात घाला, नाहीतर तो हिशोब खोटा. एकत्र यायचा महिना आत्ताच ठरवा. ‘बघू’ म्हणून गेलेल्यांची दोन-दोन वर्षं तशीच निघून जातात. पत्नीला तिकडे नोकरी मिळायला चार-सहा महिने लागू शकतात, तोवर घरात एकच पगार आहे असं धरून आकडे पुन्हा मांडा.

प्रश्न : जायच्या आधीच इथूनच फोटो बघून घर ठरवलं तर?

उत्तर : नको. पहिले चार आठवडे पेइंग गेस्ट म्हणून किंवा कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये काढा. नंतर घ्याल त्या घराच्या भाडेकरारातला लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडलं तरी भाडं भरावंच लागतं ती मुदत, प्रोबेशनपेक्षा मोठी नसावी. ११ महिन्यांचा लॉक-इन आणि सहा महिन्यांचं प्रोबेशन असेल तर नोकरी गेल्यावरही पाच महिने भाडं भरत बसावं लागतं.