वाचकांचे प्रश्न : वेल्डरची टेस्ट एक, पण जाडी किती?

प्रश्न : आमच्या वेल्डरने ६ इंची शेड्यूल ८० (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीची श्रेणी) पाइपवर ६जी पोझिशनमध्ये (पाइप ४५ अंशांत तिरका, स्थिर) टेस्ट दिली. रूट, म्हणजे तळाचा थर, टिगने (टंगस्टन-आर्क वेल्डिंग), ईआर ७०एस-२ वायर वापरून. वरचे सगळे थर ई ७०१८ रॉडने. पाइपची जाडी १०.९७ मिमी, म्हणून सर्टिफिकेटवर ‘२१.९४ मिमीपर्यंत पात्र’ असं लिहिलं. क्लायंटच्या इन्स्पेक्टरने ते परत पाठवलं. आमचं काय चुकलं?
– एक वाचक, वाळूज एमआयडीसी

उत्तर : इन्स्पेक्टरचं बरोबर आहे. एएसएमई सेक्शन ९ (वेल्डिंग पात्रतेची अमेरिकी संहिता) मध्ये वेल्डरसाठी पाइपची जाडी धरत नाहीत. त्या वेल्डरने त्या प्रोसेसने स्वतः किती जाडीचा वेल्ड भरला, ते धरतात, आणि तेही कॅपचा (सगळ्यात वरच्या थराचा) उंचवटा सोडून. पात्रता त्याच्या दुपटीपर्यंत मिळते. तुमच्या टेस्टमध्ये टिगचे ३ मिमी असतील, तर टिगची पात्रता ६ मिमीपर्यंत. उरलेले जवळपास ८ मिमी रॉडचे, म्हणून रॉडची पात्रता १६ मिमीपर्यंत. दोन्हींची बेरीज करून दुप्पट करता येत नाही.

दुपटीची अट कधी सुटते? एका प्रोसेसचा भराव १३ मिमी किंवा जास्त, आणि किमान तीन थरांत असेल तेव्हा. मग त्या प्रोसेसला जाडीची मर्यादा राहत नाही. इथे बरेच जण फसतात. ६ इंची शेड्यूल १२० पाइप १४.२७ मिमीचा, म्हणून ‘१३ च्या वर गेलो’ असं समजतात. पण टिगचे ३ मिमी वजा केले की रॉडचे सव्वाअकराच उरतात, पात्रता साडेबावीसपर्यंतच. तोच पाइप शेड्यूल १६० चा, म्हणजे १८.२६ मिमीचा घेतला, तर रॉडचे १५ मिमीच्या वर भरतात आणि प्रश्नच मिटतो. पाइप थोडा महाग पडेल, पण दुसऱ्यांदा टेस्ट घेण्यापेक्षा स्वस्तच.

टिगची जाडी टेस्ट चालू असतानाच मोजा. टिग संपला, ग्राइंडिंग झालं, की पहिला रॉड लावण्याआधी पाइपच्या पृष्ठभागापासून वेल्डपर्यंतची खोली डेप्थ गेजने तीन-चार ठिकाणी घ्या आणि पाइपच्या जाडीतून वजा करा. कॅप चढल्यावर हा आकडा कुणालाही सांगता येत नाही. मग रेकॉर्डमध्ये अंदाज लिहिला जातो आणि वाद तिथूनच सुरू होतो.

आणखी दोन गोष्टी सर्टिफिकेटवर तपासा. रॉड टिगच्या रूटवर चालला, म्हणजे रॉडची टेस्ट ‘बॅकिंगसह’ (खाली आधार असताना) झाली. हा वेल्डर ७०१८ ने उघडा (बॅकिंगशिवायचा) रूट मारू शकत नाही. दुसरं, १६८.३ मिमी बाह्य व्यासाच्या पाइपवरची टेस्ट ७३ मिमी आणि त्यावरच्या ग्रूव्ह (कडांमधली खाच भरलेल्या) जॉइंटलाच चालते. २ इंची लाइन ६०.३ मिमीची, म्हणून ती याच्या पात्रतेबाहेर. २ इंची लाइन करायची असेल तर टेस्टच २ इंची पाइपवर घ्या. मग २५ मिमी व्यासापासून वरचं सगळं चालतं. फिलेट (कोपऱ्यातल्या) वेल्डला मात्र व्यास-जाडीची ही बंधनं नाहीत.

प्रश्न : वरच्यासारखी टेस्ट दिलेला वेल्डर साखर कारखान्यातल्या एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) लाइनवर लावता येईल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : टिगने, हो. कार्बन स्टीलवर दिलेली टेस्ट वेल्डरसाठी स्टेनलेसच्या मूळ धातूलाही लागू होते. ईआर ७०एस-२ आणि ईआर ३०८एल या दोन्ही वायर एफ नंबर ६ मध्ये येतात (एफ नंबर म्हणजे रॉड-वायरचा गट). पण मर्यादा तीच : ६ मिमी, ७३ मिमी व्यासापासून पुढे.

रॉडने, नाही. ई ७०१८ एफ ४ आहे, ई ३०८एल-१६ एफ ५. एफ ४ ची टेस्ट बॅकिंगसह दिली तर एफ १ ते ४ बॅकिंगसह चालतात. ५ त्यात येत नाही. ६०१३ (एफ २) वर पास झालेल्याला ७०१८ देणं ही रोजची चूकही एफ नंबरच्या याच नियमात पकडली जाते. आणि ७०१८ ने उघडा रूट पास केला, तरी ६०१० (एफ ३) ने उघडा रूट मारायला वेगळी टेस्ट लागते.

नियम परवानगी देत असला, तरी स्टेनलेसचा रूट आतून आर्गॉनने पर्ज न करता (पाइपमधली हवा आर्गॉन वायूने न काढता) मारला तर आतली बाजू काळी पडून दाणेदार होते. कार्बन स्टीलच्या टेस्टमध्ये हे कौशल्य तपासलंच जात नाही. म्हणून लाइनवर पाठवण्याआधी एक तुकडा जोडून, कापून आतून बघा, हा आमचा आग्रह. उलट दिशेने नियमही कडक आहे : पर्जसह टेस्ट दिलेल्याला पर्जशिवाय टिग करायचं असेल, तर नवी टेस्ट द्यावी लागते.

बॉयलरच्या वाफेच्या लाइनला हे लावू नका. तिथे आयबीआरचे (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) नियम आणि त्यांचं वेल्डर सर्टिफिकेट वेगळं असतं.

प्रश्न : गळीत हंगामात वेल्डिंगचं काम कमी असतं. सर्टिफिकेट संपतं का?
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : त्या प्रोसेसने सहा महिने किंवा जास्त काळ काम केलं नाही तर संपतं. प्रत्येक प्रोसेसचा हिशेब वेगळा. रोज रॉड चालवून टिग जिवंत राहत नाही. पात्रता गेली तरी त्या प्रोसेसचा एक कूपन (टेस्टचा तुकडा), कोणत्याही जाडी-व्यासाचा, पास केला की जुन्या सगळ्या मर्यादा परत मिळतात. दर महिन्याला तारीख, प्रोसेस, जॉइंट नंबर आणि सुपरवायझरची सही, एवढी नोंद वहीत ठेवा.