आधी मोजा, मग बदला : घरी बांधायच्या हलक्या स्पोर्ट्स कारबद्दल प्रश्नोत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच जातीच्या गाडीबद्दल आहेत. चौकोनी पाइपांची चासी, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, दोन सीट, छत नाही. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं 1957 साली 'सेव्हन' आणली, 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि स्वतःच्या हातानं गाडी बांधणारे आजही हीच मांडणी धरून आहेत. पाइप सरळ, हत्यारं साधी आणि गाडी पाचशे-साडेपाचशे किलोत बसते. एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच सांगतो : रस्त्यावर चालवायची असेल, तर तुमच्याकडे घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी होते का आणि कोणत्या तपासण्या लागतात, हे पहिला पाइप कापायच्या आधी लेखी विचारून घ्या.

प्रश्न : चासीसाठी 25 मि.मी.चे, 1.6 मि.मी. जाडीचे साधे माइल्ड स्टीलचे पाइप आणले आहेत. मित्र म्हणतो, क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) वापर, चासी जास्त ताठ होईल. पैसे घालू का?

ताठपणासाठी नको. क्रोमोली तुटायला आणि कायमची वाकायला जास्त जोर लागतो, हे खरं. पण त्याच मापाचा क्रोमोलीचा पाइप आणि साधा पाइप एकाच वजनाखाली जवळजवळ सारखेच लवतात, कारण लवचिकतेचा गुणांक दोन्ही पोलादांचा सुमारे 205 गिगापास्कलच असतो. घनताही तीच. म्हणजे क्रोमोलीनं वजन वाचवायचं, तर पाइपाची जाडी कमी करावी लागते, आणि जाडी कमी केली की ताठपणाही त्याच हिशेबानं उतरतो.

ताठपणा येतो तो मांडणीतून. काडेपेटीचा आतला ड्रॉवर बाहेर काढून दोन्ही टोकांनी पिळून पाहा, आणि मग कव्हरात सरकवून पुन्हा पिळा. सेव्हनसारखी गाडी म्हणजे तो उघडा ड्रॉवर, कारण इंजिनासाठी आणि माणसांसाठी वरची बाजू मोकळीच ठेवावी लागते. म्हणून जिथे चौकोन उघडा दिसेल तिथे त्याचे त्रिकोण करा. सगळ्यात मऊ जागा इंजिनाच्या कप्प्यात असते. तिथे वरून बोल्टनं काढता-घालता येईल असा तिरका पाइप द्या. दुसरी जागा दोन सीटच्या मधल्या बोगद्याची. त्याला वरून आणि बाजूंनी पत्रा लावून बंद पेटी केली, की थोड्या वजनात भरपूर फायदा होतो. जमिनीचा पत्रा नुसता रिव्हेटवर ठेवू नका, खाली पॉलियुरेथेन सीलंट लावून मग रिव्हेट मारा. चिकटवलेला पत्रा पिळाला खरोखर विरोध करतो. शिवाय ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये थर राहिल्यानं पाण्यामुळे होणारी झीजही टळते.

आणि अंदाजावर राहू नका, मोजा. चासीचा मागचा भाग सस्पेन्शनच्या जागी घट्ट बांधा, पुढचा भाग बरोबर मध्यावर एका टेकूवर ठेवा. पुढे आडवा भक्कम दांडा बांधून मध्यापासून 1 मीटरवर 100 किलो टांगा. हा झाला 981 न्यूटन-मीटरचा पीळ. ओझ्याचा दांडा स्वतःही वाकतो, म्हणून मोजायला वेगळी सरळ पट्टी लावा. तिच्या 1 मीटरवरच्या टोकाला 10 मि.मी. फरक दिसला, तर पीळ 0.57 अंश. म्हणजे चासीचा ताठपणा अंशाला सुमारे 1,700 न्यूटन-मीटर. ओझं काढल्यावर डायल गेजचा काटा शून्यावर परत आला पाहिजे. आला नाही, तर तुमचा टेकू सरकतोय आणि आकडा खोटा आहे. मग एक तिरका पाइप क्लॅम्पनं धरा, पुन्हा मोजा, आणि त्या पाइपाचं वजन आकड्याशेजारी लिहा. दोन किलोचा पाइप काहीच देत नसेल तर तो गाडीत ठेवायचं कारण नाही.

प्रश्न : वेल्डिंग संपल्यावर पुढचे दोन कर्ण 6 मि.मी.नं वेगळे निघाले. चासी टाकून देऊ?

मुळीच नाही. एका बाजूनं वेल्डिंग करत गेलं की थंड होताना सांधा त्या बाजूला ओढला जातो, त्याचाच हा परिणाम. बाहेरचा चौकट 6 मि.मी. तिरका असला तरी सस्पेन्शनचे ब्रॅकेट अजून लावले नसतील, तर काही बिघडलेलं नाही. मधली रेषा नव्यानं आखा आणि ब्रॅकेट पाइपाला धरून न लावता त्या रेषेपासून मोजून लावा. ब्रॅकेट आधीच लागले असतील तर ते कापून पुन्हा लावा, पाइप हातोड्यानं सरळ करत बसू नका. पुढच्या वेळी सगळी चासी सपाट टेबलावर वेल्डिंगच्या नुसत्या छोट्या टाक्यांवर उभी करा, कर्ण जुळवा, आणि मग समोरासमोरचे सांधे आलटून पालटून पूर्ण करा.

प्रश्न : मोटरसायकलचं इंजिन घालू की जुन्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं? हायाबुसाचं इंजिन मिळतंय.

गाडी कशासाठी हवी, त्यावर हे ठरेल. हायाबुसाचं 2007 पर्यंतचं 1,299 सी.सी.चं इंजिन गिअरबॉक्ससकट एकाच ठोकळ्यात येतं, हलकं असतं आणि रेसिंग ट्रॅकवर आनंद देतं. पण चार गोष्टी गळ्यात पडतात.

पहिली ऑइलची, आणि हीच सगळ्यात गंभीर आहे. वळणावर मोटरसायकल झुकते, त्यामुळे ऑइल चेंबरमधलं ऑइल तळाशीच राहतं. गाडी झुकत नाही. लांब वळणावर ऑइल एका बाजूला चढतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि काही क्षणांत बेअरिंग जातात. अडथळ्याच्या पट्ट्या असलेला बुटका चेंबर किंवा ड्राय सम्प (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी व्यवस्था) ही चैन नव्हे, त्याशिवाय इंजिन सुरूही करू नका. ऑइल प्रेशरचा मोठा लाल दिवा डोळ्यांसमोर लावा. काट्याकडे वळणात कुणाचंही लक्ष नसतं.

दुसरी गोष्ट रिव्हर्सची. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये तो नसतो. वेगळा रिव्हर्स बॉक्स किंवा इलेक्ट्रिक मोटर बसवावी लागते, आणि वाचवलेल्या वजनातलं थोडं तिथेच जातं. तिसरी गिअरिंगची. त्या हायाबुसाचे मूळ स्प्रॉकेट 17 आणि 40 दात्यांचे, म्हणजे शेवटचं गुणोत्तर 2.35. गाडीचा डिफरन्शियल 3.6 चा आणि चाक थोडं लहान धरलं, तर ज्या आरपीएमला मोटरसायकल ताशी 300 कि.मी. धावेल, तिथे गाडी साधारण 180 वर असेल. हे वाईट नाही, जास्त वजन ओढायला तसंच हवं. पण हायवेवर तासन्‌तास चढ्या आरपीएमचा आवाज सहन करायची तयारी ठेवा. चौथी गोष्ट क्लचची. तो या गाडीच्या साधारण निम्मं वजन हलवण्यासाठी बनलाय, चढावर ट्रॅफिकमध्ये तो लवकर तापतो.

रस्त्यावर फिरायची गाडी हवी असेल, तर मी डोळे झाकून गाडीचं इंजिन घ्या म्हणेन. 1989 पासून आलेली माझदा एमएक्स-5 दाता गाडी (जिचे भाग काढून वापरायचे ती) म्हणून यासाठी फार सोयीची. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं, गिअरबॉक्स त्याच्या मागे, डिफरन्शियल मागच्या चाकांमध्ये, आणि हब, ब्रेक, स्टिअरिंग सगळं एकाच गाडीतून मिळतं. वायरिंग हार्नेस आणि इंजिनाचा कंप्युटरही त्याच गाडीचा घ्या. कापलेल्या गाडीतून वायरींचा गुंता ओढून काढण्यापेक्षा ती चालू असताना प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावा. तो एक दिवस पुढचे अनेक दिवस वाचवतो.

प्रश्न : गाडी सपाट रस्त्यावर सरळ जाते, पण उंचवट्यावर आपोआप एका बाजूला वळू पाहते. अलाइनमेंट दोनदा करून झालं.

याला बंप स्टिअर म्हणतात आणि अलाइनमेंटच्या मशीनवर ते कधीच दिसत नाही, कारण तिथे गाडी स्थिर उभी असते. चाक वर-खाली होताना टाय रॉड (स्टिअरिंग रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा) आणि विशबोन (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) वेगवेगळ्या वर्तुळांवर फिरतात आणि चाक स्वतःच वळतं. दुसऱ्या गाडीचा स्टिअरिंग रॅक जसाच्या तसा बसवला की हे हमखास होतं.

घरीच मोजता येईल. गाडी स्टँडवर घ्या, शॉकअप काढा, स्टिअरिंग मध्यावर बांधून टाका. हबला चाकाऐवजी सरळ फळी लावा आणि फळीच्या पुढच्या व मागच्या टोकाचं अंतर जमिनीवर आखलेल्या रेषेपासून मोजा. हब जॅकनं 20, 40, 60 मि.मी. वर न्या, मग तेवढाच खाली, आणि दर वेळी दोन्ही आकडे लिहा. आता आकडे काय सांगतात ते पाहा. चाक वर जाताना एका दिशेला आणि खाली येताना उलट दिशेला वळत असेल, तर टाय रॉडची उंची चुकली आहे. रॅक वर-खाली करा किंवा बाहेरच्या जॉइंटखाली वॉशर घाला. वर आणि खाली दोन्हीकडे एकाच दिशेला वळत असेल, तर टाय रॉडची लांबी चुकली आहे, म्हणजे रॅक जास्त रुंद किंवा जास्त अरुंद आहे. वॉशरनं ते सुटणार नाही, रॅक बदलावा किंवा कापून आखूड करून घ्यावा लागेल, आणि तेही हे काम नेहमी करणाऱ्याकडूनच. स्टिअरिंगच्या भागावर घरी वेल्डिंग करू नका.

प्रश्न : स्प्रिंग किती कडक घ्यावी? दुकानदार म्हणतो, स्पोर्ट्स कार आहे, जितकी कडक तितकी चांगली.

हलक्या गाडीला कडक स्प्रिंग दिली की चाक खड्ड्यावर उडतं, आणि हवेतलं चाक ना वळवतं ना ब्रेक लावतं. हिशेब करू. एका पुढच्या चाकावर 150 किलो, त्यातलं चाक, हब, ब्रेक यांचं 25 किलो वजा. राहिले 125. रस्त्यावरच्या गाडीला सेकंदाला 1.8 हेलकावे धरले, तर चाकाशी लागणारा स्प्रिंगचा दर (1 मि.मी. दाबायला लागणारा जोर) सुमारे 16 न्यूटन प्रति मि.मी. पण स्प्रिंग चाकाच्या आत तिरकी बसते. चाक 10 मि.मी. हललं आणि स्प्रिंग 7 मि.मी.च दबली, तर गुणोत्तर 0.7, आणि त्याच्या वर्गानं भागायचं : 16 भागिले 0.49, म्हणजे साधारण 33 न्यूटन प्रति मि.मी. हे 0.7 कुणाच्या गाडीवरून घेऊ नका, तुमच्याच गाडीवर मोजा, कारण त्याचा वर्ग होतो.

स्प्रिंग बसल्यावर चार काट्यांवर गाडी तोला, आणि तुमच्या वजनाची पोती सीटवर ठेवूनच. स्प्रिंगची बैठक फिरवून पुढे-मागे किंवा डावी-उजवी बेरीज बदलत नाही, फक्त कर्णावरच्या चाकांची वाटणी बदलते. ती दोन्ही कर्णांवर सारखी आली की थांबा.

प्रश्न : ब्रेकचा सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा बूस्टर) काढून टाकला. आता पेडल दगडासारखं लागतं आणि जोरात दाबलं की मागची चाकं आधी लॉक होतात.

हे दोन वेगळे दोष आहेत. कडकपणासाठी लहान व्यासाचा मास्टर सिलिंडर (पेडलनं ब्रेक ऑइलवर दाब देणारा) घ्या. 22.2 मि.मी.चा काढून 19 मि.मी.चा घातला, तर त्याच जोरात दाब सुमारे 36 टक्के वाढतो. पेडल थोडं लांब जाईल, ते चालतं.

मागची चाकं आधी लॉक होणं मात्र धोक्याचं आहे, गाडी तिथल्या तिथे फिरते. हे सुटेपर्यंत रस्त्यावर नेऊ नका. चालकासह 630 किलोची गाडी, गुरुत्वमध्य 40 सें.मी. उंच, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.3 मीटर धरलं, तर जोराच्या ब्रेकमध्ये जवळपास 100 किलो भार मागून पुढे जातो. निम्मी-निम्मी वाटणी असलेल्या गाडीत मागे तिसऱ्या हिश्श्याएवढाच भार उरतो. तुमच्या दाता गाडीच्या ब्रेकची वाटणी दुसऱ्याच वजनासाठी बसवलेली होती. बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढच्या-मागच्या ब्रेकांत वाटणारा दांडा) आणि दोन मास्टर सिलिंडर लावा, मागचा मोठ्या व्यासाचा. मग मोकळ्या, बंद जागेत कमी वेगापासून सुरुवात करून पुढची चाकं आधी लॉक होईपर्यंत बार फिरवा.

प्रश्न : चासीचे उरलेले पाइप आहेत. त्यातून रोल बार होईल का?

नाही. एफआयएच्या (मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत मुख्य रोल बारला 45 × 2.5 किंवा 50 × 2.0 मि.मी.चा, बिनजोडाचा, थंड ओढलेला कार्बन स्टीलचा पाइप लागतो. 25 मि.मी.चा चौकोनी पाइप डोक्यावर घेऊन बसू नका. बारचे पाय पाइपाच्या मध्यावर न टेकवता जिथे तीन-चार पाइप एकत्र येतात तिथेच, जाड पट्टीवर टेकवा. बारच्या आडव्या नळीला खांद्याचे पट्टे बांधताना ते खांद्यापासून मागे जवळपास आडवे किंवा किंचित खाली जायला हवेत. खूप खाली बांधले, तर आपटल्यावर ते मणकाच दाबतात.

प्रश्न : स्टार्टर मारला की ॲक्सिलरेटरची केबल गरम होते. कंप्युटर खराब आहे का?

इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची जाड पट्टी लावायची राहिली आहे. इंजिन रबरावर बसलंय, म्हणून स्टार्टरचा करंट केबलमधून परत जातोय. ती वितळण्याआधी आजच पट्टी लावा, दोन्ही टोकांचा रंग खरवडून.

प्रश्न : गाडी 120 एचपीची, वजन 560 किलो. टर्बो लावू की वजन कमी करू?

ताशी 100 पर्यंतची मजा हवी असेल तर वजन. तुमचं गुणोत्तर आत्ताच टनाला 214 एचपी आहे. 60 किलो उतरवले, तर ते 240 होतं, आणि ब्रेक, टायर, वळण सगळ्यालाच त्याचा फायदा मिळतो. चाकं, सीट, बॅटरी, एक्झॉस्ट एकेक करून काट्यावर ठेवा. खरी आश्चर्यं दाता गाडीच्या ब्रॅकेटांत सापडतात. मोठ्या वेगासाठी मात्र वजनाचा उपयोग थोडाच. उघडी चाकं आणि उभी काच हवेला अडवतात, आणि हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते.

टर्बो लावायचाच असेल, तर आधी आहे त्या इंजिनाचं पाणी किती तापतं ते पाहा. ट्रॅफिकमध्येच तापत असेल तर पंखा कमी पडतोय. वेगात असताना तापत असेल तर नाकातून आलेली हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जातेय. रेडिएटरच्या चारही कडांना पत्र्याची बंदिस्त वाट करा आणि हवा बाहेर पडायलाही जागा ठेवा. पाण्यातली हवा निघण्यासाठी भरायची टाकी सगळ्या नळ्यांहून उंच हवी. बुटक्या नाकाच्या गाडीत रेडिएटर खाली आणि इंजिन वर असतं, म्हणून हवेचा बुडबुडा नेमका सिलिंडर हेडमध्येच अडकून बसतो.