सोलरची टाकी दुपारी रिकामी करू नका

प्रश्न : आमच्या गच्चीवर २०० लिटरचं काचेच्या नळ्यांचं सोलर आहे. पाणी बोअरचं. हल्ली सकाळी जेमतेम कोमट पाणी येतं. मिस्तरी म्हणतो, ‘टाकी रिकामी करून ठेवा, दुपारून येऊन क्षार काढतो.’ खालचा कॉक उघडून पाणी सोडून दिलं तर चालेल ना?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, मिस्तरी दारात उभा राहिल्याशिवाय कॉकला हात लावू नका. त्याची ‘दुपार’ परवावर जाऊ शकते, आणि तोवर नळ्यांत उरलेलं पाणी आटत जाऊन त्या वरून कोरड्या पडतील आणि उन्हात तापत बसतील. रिकामी नळी आतून २०० अंशांच्या वर जाते. तशात कुणी वरून गार पाणी चालू केलं की काच तडकलीच म्हणून समजा. त्याला सकाळी लवकर बोलवा, उन्हं गच्चीवर यायच्या आत.

त्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी आधी उरकून घ्या. गरम पाण्याचा पाइप टाकीच्या वरच्या अंगाला असतो आणि खालून येणारं गार पाणी त्याला ढकलतं. गार पाणी आधीच बंद केलंत तर टाकी भरलेली असूनही बाथरूममध्ये धार येणार नाही. आंघोळी झाल्या की टाकीतल्या विजेच्या बॅकअप कॉइलची एमसीबी (तिचा बोर्डावरचा स्विच) पाडा. पाण्याबाहेर पडलेली कॉइल बघता बघता जळते. मग सोलरला जाणारा गार पाण्याचा कॉकच तेवढा बंद करा, म्हणजे स्वयंपाकघर अडत नाही. तो क्षारानं जाम झाला असेल तर ओढाताण करू नका. गच्चीवरच्या मोठ्या टाकीचं पाणी बंद करून मिस्तरीकडून नवा बॉल वॉल्व्ह बसवून घ्या.

टाकीवर जो उभा हवेचा पाइप असतो, त्याच्या तोंडाशी गांधीलमाशीचं घर किंवा क्षाराचा गोळा नाही ना, ते बघा. तो बुजलेला असताना पाणी सोडलं तर आतली टाकी चेपते. खालून पाणी जोरात येऊन गटगट करत थांबलं, तर रोग तिथंच आहे. आणि पाणी नालीत सोडू नका हो. २०१६ साली तुमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. नळी जोडून ड्रमात घ्या. फरशीला, संडासाला चालतं.

एवढं करूनही नळ्या भरलेल्याच राहतात, कारण त्या खालून बंद असतात. पावणेदोन मीटरच्या जाड नळीत अडीच-पावणेतीन लिटर पाणी, अशा २० नळ्या. ते काम मिस्तरीचं.

तो नळ्या काढेल तेव्हा तुम्ही मात्र जवळ थांबा आणि प्रत्येक नळीचं खालचं टोक बघा. तिथं आरशासारखा चंदेरी पट्टा असतो. तो पांढरट झाला असेल तर नळीच्या दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली, म्हणजे तिथं हवा शिरली. अशी नळी कितीही घासा, पाणी कोमटच राहणार. ती बदलावी लागते. क्षाराच्या नावाखाली सगळं बिल लावून घेण्याआधी हे तपासा. पट्टा चकचकीत आणि आत खपल्या असतील तर मिस्तरीचं म्हणणं बरोबर. आपल्याकडचं काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी तापलं की त्यातला चुना खाली बसतोच.

खपल्या काढायला लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) कोमट पाण्यात कालवून वापरायला सांगा. संडासाचं ॲसिड टाकीत ओतू देऊ नका, ते स्टीलच खातं. टाकी रिकामी आहे तोवर, टाकी गंजू नये म्हणून बसवलेली मॅग्नेशियमची कांडी असेल तर तीही बाहेर काढून बघा. झिजून तार उरली असेल तर नवी घाला. नळ्यांच्या रबरी रिंगा कडक झाल्या असतील तर त्याही आत्ताच बदला.

नळ्या बाहेर आहेत तोवर सावलीत, पोत्याखाली ठेवा. काम लांबलं आणि ऊन चढलं तर त्या बसवल्यावरही झाकून ठेवा आणि पाणी दिवस मावळल्यावर, काच गार लागली की भरा. भरताना बाथरूमचा गरम नळ उघडा ठेवा. आधी नुसती हवा फुरफुरेल, मग तुटक पाणी येईल. सलग धार लागली की नळ बंद करा, आणि एमसीबी त्यानंतरच वर करा.