टोकन द्यायच्या आधी हे वाच

अगं, तुझा मेसेज रात्रीच बघितला. उंड्रीतला टू बीएचके, 60 लाख, पझेशन दिवाळीत, आणि शनिवारी टोकन देतेयस. खूप आनंद झाला, खरंच, पण शनिवार जरा पुढे ढकल.

पहिलं म्हणजे 60 लाख हा आकडा डोक्यातून काढ. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या 80 टक्क्यांच्या वर जात नाही म्हणजे 12 लाख तुझे, वर पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर बाईला 1 टक्का सूट म्हणून 3 लाख 60 हजार (भावाचं नाव सोबत घातलंस की ती सूट गेली, घरच्यांना हे आधीच नीट सांग), रजिस्ट्रेशनचे 30 हजार, आणि बांधकाम चालू असताना घेतेयस म्हणून जीएसटी 5 टक्के म्हणजे 3 लाख. झाले की जवळपास 19 लाख रोख, अजून पंखासुद्धा लावलेला नाही! आईबाबांच्या एफडीला हात लावायच्या आधी ही बेरीज त्यांच्यासमोर बसून कर.

आता ओसी. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला मनपाची परवानगी. माझं सगळ्यात जास्त सांगणं याच्याबद्दल आहे कारण मी इथेच फसलो. 2012 ला आम्हाला बिल्डरने 'फिट-आउट पझेशन' (आतलं फर्निचर करून घ्यायला ताबा) म्हणून चावी दिली, आम्ही पेढे वाटले, वास्तुशांत केली, आणि नंतर कळलं की ओसीच नाहीये. मनपाचं पाणी नाही, चार वर्षं टँकर, उन्हाळ्यात तर मेंटेनन्सपेक्षा टँकरचा खर्च जास्त, सासूबाई पहाटे उठून बादल्या भरायच्या ते आठवलं की अजून वाईट वाटतं. म्हणून ओसी हातात बघितल्याशिवाय चावी घेऊ नकोस. आणि पार्ट ओसी (इमारतीच्या काही भागापुरतीच) दाखवली तर तुझी विंग, तुझा मजला त्यात आहे का ते वाच. ओसी आल्यावर खरेदी केली तर जीएसटी लागतच नाही, मग दिवाळीपर्यंत थांबून बघायला काय हरकत आहे? तेव्हा रेट वाढवतील कदाचित, पण हिशोब मांडून तर बघ.

महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाक. मंजूर प्लॅन, पूर्ण करायची तारीख, कोर्टकेसेस सगळं दिसतं, आणि तिथली तारीख दिवाळीच्या पुढची असेल तर सेल्सवाल्याला तोंडावर विचार. कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, किती तेवढंच बघ, सुपर बिल्टअपचं (जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेला आकडा) बोलायला लागले तर थांबव. ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त ते मागूच शकत नाहीत, कायदा आहे. ओपन पार्किंगचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नकोस, ते विकताच येत नाही.

टायटल, म्हणजे जमिनीची मालकी तपासायला स्वतःचा वकील बघ, बिल्डरने सुचवलेला नको. 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) काढायला सांग.

शनिवारी टोकनऐवजी सकाळी सातला तिथे जा, शेजारच्या तयार सोसायटीच्या वॉचमनला विचार की दिवसाला किती टँकर येतात. ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट मला व्हॉट्सॲप कर, रविवारी मी पण येतो, सोबत बसून पानन्‌पान वाचू.