‘आताँ’ म्हणजे आत्ता नव्हे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फ्रान्सच्या प्रवेशाचं आणि व्हिसाचं तू सगळं चोख केलंयस. खरी काळजी शेवटच्या दोन ओळींत दिसली: साडेतीन वर्षांच्या लेकीला फ्रेंचचा एक शब्द येत नाही, तिचं शाळेत कसं होणार? तिथे २०१९ पासून वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षण सक्तीचं आहे, तेव्हा सप्टेंबरात ती ‘एकोल मातेर्नेल’मध्ये, म्हणजे तिथल्या बालवाडीत, जाणारच.

मी तिथल्या ग्रनोबल शहरात पीएचडीसाठी गेले तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता. दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी मला फाटकाशी थांबवलं. म्हणाल्या, हा मुळीच ऐकत नाही, थांब म्हटलं की पळतो. मला पटेना. रात्री जेवताना सहज विचारलं, बाई काय म्हणतात रे तुला? तर रडवेला होऊन म्हणाला, “बाई ‘आता, आता’ म्हणतात आणि मी गेलो की ओरडतात.”

फ्रेंचमध्ये ‘थांब’ला ‘आताँ’ म्हणतात. घसरगुंडीच्या शिडीपाशी बाई हात आडवा धरून ‘आताँ’ म्हणायच्या आणि हा त्या हाताखालून वाकून वर चढायचा. बाईंचा शब्द इतका मनापासून पाळणारं दुसरं मूल त्या वर्गात नसेल. दुसऱ्या दिवशी मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खाली बसल्या, त्याला जवळ घेतलं आणि त्याच्याकडून आपला ‘आता’ शिकून घेतला.

‘शू’ची गोष्ट मात्र मला अजून बोचते. ‘शू’ म्हणजे कोबी, आणि लाडाने लहान मुलांना तिथे ‘मों पती शू’ म्हणतात. वर्गात बाईंच्या मदतीला एक मावशी असतात, त्यांना ‘आत्सेम’ म्हणतात. मुलांना बाथरूमला नेणं, हात धुवून देणं त्याच बघतात. त्या प्रेमाने ‘मों पती शू’ म्हणायच्या, हा मान हलवून नको म्हणायचा. एक दिवस खरंच लागली आणि हा ‘शू, शू’ करत त्यांच्यामागे गेला. त्यांना वाटलं, बाळ लाडात आलंय. त्यांनी हसून त्याचे गाल कुरवाळले. चड्डी ओली झाली, आणि घरी येऊन तो संध्याकाळभर खिडकीपाशी बसून राहिला.

म्हणून तुला कळकळीने सांगते: शाळा आणि पालक यांच्यात फिरणारी एक वही असते, ‘काये द लिएझों’. तिच्या पहिल्याच पानावर तुझ्या लेकीचे रोजचे मराठी शब्द रोमन लिपीत लिहून दे, समोर फ्रेंच अर्थ. पाणी, भूक, दुखतंय, नको, आई. आणि सगळ्यांत वर शू.

ती सुरुवातीला वर्गात गप्प राहील. घाबरू नकोस. नव्या भाषेत पडलेली मुलं पुष्कळदा काही आठवडे, कधी काही महिने, नुसती ऐकतात. माझ्या मुलाने तुसाँची, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरातली, सुट्टी संपल्यावर तोंड उघडलं, आणि पहिला शब्द निघाला ‘नाविओं’. खरा शब्द ‘आविओं’, म्हणजे विमान, पण बोलताना त्याच्या आधीच्या ‘अं’मधला (म्हणजे ‘एक’ या शब्दातला) न पुढे चिकटतो. फ्रेंच मुलंसुद्धा ही चूक करतात. मी विचारलं, न कुठून आला? म्हणाला, “अगं, ती आकाशातली नाव आहे ना!” मी ते तसंच वहीत टिपून ठेवलं, दुरुस्त केलं नाही. महिन्याभरात न आपोआप गळाला.

कुणी सांगेल, घरीही फ्रेंचच बोला, लवकर शिकेल. ऐकू नकोस. फ्रेंच तिला शाळा देईल, अंगणातली मुलं देतील, आणि तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी चांगली देईल. मराठी तिथे तिला फक्त तूच देणार आहेस. घरात पोटभर मराठी बोल.

हे किस्से फोनवर आजी-आजोबांना सांगावेसे वाटतील. जरूर सांग, पण ती झोपल्यावर. आपण धडपडून काढलेल्या अर्थावर मोठी माणसं हसतात, हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं.

यादी तयार झाली की मला पाठव, कुठला शब्द कशावर आदळतो ते मी बघून देईन. ‘पापा’ मात्र आजच लिहून ठेव. शाळा सुटताना तिने बाईंकडे पापा मागितला, तर त्या तिच्या बाबांना शोधत फाटकाकडे बघत बसतील.

तुझी,
ताई