जुन्या मूकपटांत आणि पेपरातल्या कार्टून-पट्ट्यांत खरंच काही खास होतं, की आपल्याला फक्त आपलं लहानपण आठवतं?

लहानपणाचा वाटा आहेच, नाकारत नाही. रविवारच्या रंगीत पुरवणीत कधीकधी लाल रंग जरासा सरकलेला असायचा आणि पात्राचे ओठ गालावर यायचे. आजच्या स्वच्छ स्कॅनपेक्षा मला तेच चित्र जास्त आवडतं. याला स्मरणरंजनाशिवाय दुसरं काय म्हणणार? शिवाय टुकार माल तेव्हाही भरपूर होता. एकाच घिशापिट्या विनोदावर वर्षानुवर्षं रेटलेल्या पट्ट्या आपण मुकाट वाचल्या आणि सोयीस्करपणे विसरलो.

मूकपटांत तर बरंवाईट निवडायलाही फारसं उरलेलं नाही. तेव्हाची नायट्रेट नावाच्या रसायनाची फिल्म पटकन पेट घ्यायची, नाहीतर डब्यातच सडायची. बोलपट आल्यावर ती जपण्यात कुणाला रसही नव्हता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालानुसार तिथले पूर्ण लांबीचे साधारण ७० टक्के मूकपट कायमचे गेले.

पण हे सगळं वजा केलं तरी काहीतरी शिल्लक राहतं. माझ्या मते ते आहे न सांगता सोडून देण्याचं कसब, आणि ते बऱ्याच अंशी अडचणीतून आलेलं.

चार्ल्स शुल्झची ‘पीनट्स’ ही कार्टून-पट्टी २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वर्तमानपत्रांत सुरू झाली. चार सारख्या चौकटी का, तर संपादकाला त्या आडव्या, उभ्या किंवा दोनावर दोन अशा कशाही बसवता याव्यात म्हणून. म्हणजे निव्वळ पान भरण्याची सोय! आता त्यात पहिल्याच दिवशी त्याने काय केलं पाहा. एक मुलगा आणि एक मुलगी रस्त्याच्या कडेला बसलीत. समोरून पट्टीचा नायक चार्ली ब्राउन येतो आणि निघून जातो. तीन चौकटी मुलगा त्याचं गुणगान गातो आणि चौथीत, चार्ली पुढे गेल्यावर, म्हणतो की मला तो मुळीच आवडत नाही. संपलं. मुलगी सबंध वेळ गप्प. पाचवी चौकट मिळाली असती तर कारण सांगण्याचा मोह झाला असता आणि सगळी मजा गेली असती. पुढे जवळपास पन्नास वर्षं हा माणूस मदतनीस न घेता एकटा ही पट्टी काढत राहिला.

मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन, त्याचंही तेच. १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या डोक्यावरून खाली आल्यामुळे तो वाचतो. भिंत खरी, वजनदार. कॅमेरा लांब उभा. कीटन जरा इकडेतिकडे सरकला असता तर जिवावर बेतलं असतं. किंकाळी नाही, आणि चेहऱ्यावर तर त्याच्या कधीच काही नसायचं. घाबरायचं काम आपल्यावर सोपवलेलं.

अर्थात अडचणीचं फार कौतुकही नको. रविवारच्या पट्टीची वरची ओळ काही पेपर जागेसाठी सरळ उडवायचे, त्यामुळे तिथे ‘गेला तरी चालेल’ असाच विनोद भरावा लागे. बिल वॉटरसन याला इतका वैतागला की १९९२ मध्ये त्याने ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ या आपल्या पट्टीसाठी तोडता न येणारं अर्धं पान पदरात पाडून घेतलं. काही संपादक चिडले. पण त्यानंतरची त्याची रविवारची पानं पाहिलीत तर तुम्हीही त्याचीच बाजू घ्याल.

डोळ्यांवर आठवणींचा चष्मा किती आहे हे तपासायचं असेल, तर त्या काळाची काहीच आठवण नसलेल्या पोरांना लॉरेल-हार्डीचा १९३२ चा ‘द म्युझिक बॉक्स’ दाखवा. हा बोलपट आहे, पण गोष्ट एवढीच की दोघं एक पियानो लांबलचक जिन्यावरून वर चढवताहेत. पुरा अर्धा तासही नाही. मूकपट दाखवणार असाल तर प्रत बघून घ्या. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा सेकंदाला १६ ते २० फ्रेम टिपल्या जायच्या. त्या सेकंदाला २४ च्या वेगाने दाखवल्या की माणसं चावी दिल्यासारखी तुरुतुरु पळतात आणि लोकांना वाटतं, जुने सिनेमे असेच असायचे. आणि पट्ट्यांचा जाडजूड संग्रह हाती लागला तर एका बैठकीत फडशा पाडू नका. त्या दिवसाला एक या बेताने लिहिलेल्या आहेत. सलग वाचल्या की विसाव्या पट्टीला कंटाळा येतो आणि दोष बिचाऱ्या चित्रकाराला जातो.